फिशटँकमधली खडी धुऊ नका

जूनमध्ये डोंबिवलीला ताईकडे गेलो, तेव्हा भाच्याच्या वाढदिवसाला आणलेला फिशटँक रिकामा होऊन बाल्कनीत पडला होता. सहा गोल्डफिश दोन आठवड्यांत एकामागून एक गेले. दुकानदाराने सांगितलं होतं तसं सगळं झालं होतं. दर रविवारी सगळं पाणी बदललं, खडी बाहेर काढून चाळणीत घेऊन नळाखाली खळखळून धुतली, तळातली जाळीची प्लेट ब्रशने घासली. "मामा, पाणी तर एकदम क्लीन होतं," भाचा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. ताईच्या सासूबाईंचं म्हणणं, घरावर काहीतरी येणार होतं, ते माशांनी अंगावर घेतलं.

ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा, एखादा मेला की पीडा टळली म्हणायचं आणि लगेच दुसरा आणायचा. मला याचा मनापासून राग येतो. मासा का मेला हा प्रश्नच त्यात बाजूला पडतो, आणि पुढचा मासाही त्याच कारणाने मरतो.

ते कारण म्हणजे अमोनिया. मासा खातो त्यातल्या प्रथिनांमधलं नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येतं. रोज एक ग्रॅम खाद्य घातलं आणि त्यात ४० टक्के प्रथिनं धरली, तर त्यात ६४ मिलिग्रॅम नत्र असतं. त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक, समजा ३७ मिलिग्रॅम, अमोनियाच्या रूपात बाहेर पडतं. ६० लिटरच्या टाकीत लिटरमागे रोज ०.६ मिलिग्रॅमची भर. रविवारी पाणी बदललं, तरी शनिवारपर्यंत आकडा साडेतीनच्या पुढे जातो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ७ असेल, तर २५ अंश तापमानाला यातला जेमतेम अर्धा टक्का भाग घातक रूपात असतो. पीएच ८ असेल तर सुमारे पाच टक्के. म्हणजे तेवढ्याच अमोनियाचं विष जवळजवळ दसपट होतं. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. काचेसारख्या नितळ पाण्यात माशाचे कल्ले जळत असतात.

आता ती प्लेट. अंडरग्रॅव्हल फिल्टर म्हणून जे मिळतं ते इतकंच असतं: फटी पाडलेली प्लास्टिकची प्लेट आणि तिच्या कोपऱ्यात उभी केलेली नळी. प्लेटवर पाच-सहा सेंटिमीटर खडी पसरायची आणि एअर पंपाची बारीक नळी त्या उभ्या नळीत सोडायची. बुडबुडे नळीत शिरले की आतलं मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होतं. ३० सेंटिमीटरच्या नळीत दहा टक्के हवा असेल, तर तो स्तंभ २७ सेंटिमीटर पाण्याइतकाच भरतो. बाहेरचं जड पाणी त्याला वर ढकलतं आणि त्याची जागा घ्यायला टाकीतलं पाणी खडीतून खाली झिरपत राहतं. बुडबुड्यांतून माशांना ऑक्सिजन मिळतो असं बहुतेकांना वाटतं. खरं तर त्यांच्यातून थेट फार थोडा विरघळतो. तळचं पाणी ते पृष्ठभागावर आणतात, आणि तिथे ते हवेतून ऑक्सिजन घेतं.

माझा सगळा जीव आहे तो खडीत. ४ मिलिमीटरचे दाणे गोल धरले आणि मधल्या पोकळ्या ४० टक्के धरल्या, तर एक घनमीटर खडीचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर भरतो. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीत ६ सेंटिमीटर थर म्हणजे ०.०१०८ घनमीटर खडी. गुणाकार करा: पावणेदहा चौरस मीटर. दहा बाय दहाची एक आख्खी खोली त्या मूठ-मूठ खडीत गुंडाळून ठेवलेली आहे! त्याच टाकीच्या चारी काचा आणि तळ मिळून एक चौरस मीटरही होत नाही. तासाला २०० लिटर पाणी खेचलं, तर प्रत्येक थेंब खडीतून जायला सव्वा मिनिट घेतो आणि तेवढ्या वेळात त्या खोलीच्या भिंतींना घासत जातो.

त्या भिंतींवर वस्ती आहे. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना विषारीच असतं, नायट्रेट बरंच निरुपद्रवी. हे काम रसायनाचं नसून जिवांचं आहे, हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्झ यांनी दाखवलं. त्यांनी वाळू आणि चुनखडीच्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसाच्या तसा. मग नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबलं. पुढे मातीचं थोडं धुवण घातलं, पुन्हा सुरू झालं. ती नळी म्हणजे आपल्या खडीचा थरच की!

हे जीव आहेत तरी कोण, याचं उत्तर मात्र बदलत गेलं. नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं काम नायट्रोबॅक्टर नावाचा जीवाणू करतो असं पुस्तकांत छापलेलं असे; गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते नायट्रोस्पायरा हा दुसराच जीवाणू करतो, हे १९९८ मध्ये कळलं. अमोनियावर जगणारा पहिला आर्किया (जीवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव) २००५ मध्ये वेगळा केला गेला, तो सिएटलच्या मत्स्यालयातल्या समुद्री टाकीच्या खडीतून. आणि २०१५ मध्ये असे नायट्रोस्पायरा सापडले, जे दोन्ही पायऱ्या एकटेच पार पाडतात.

ही मंडळी वाढतात फार सावकाश. आतड्यातला ई. कोलाय जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतात. नव्या टाकीत वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. ताईकडे दर रविवारी ती ब्रशने आणि क्लोरीनच्या पाण्याने उठवली जात होती.

त्यांना ऑक्सिजनही भरपूर लागतो. एक ग्रॅम नत्रामागे ४.५७ ग्रॅम. वरच्या ३७ मिलिग्रॅमसाठी रोज सुमारे १७० मिलिग्रॅम. ६० लिटर पाण्यात कोणत्याही क्षणी विरघळलेला असतो फार तर ५०० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणूनच लाइट तासन्‌तास गेली की खडीतला प्रवाह थांबतो, आतला ऑक्सिजन संपतो आणि फार वेळ झाला तर सडक्या अंड्याचा वास सुटतो. आपल्याकडे जिथे लोडशेडिंग असतं, तिथे बॅटरीवरचा छोटा एअर पंप जवळ असायलाच हवा.

या फिल्टरचे तोटेही आहेत. घाण बाहेर न जाता खडीत आणि प्लेटखाली साचते. खड्डे उकरणारे मासे असतील तर जागोजागी प्लेट उघडी पडते आणि पाणी खडी सोडून तिथूनच जातं. बारीक वाळू तर चालतच नाही, फटी बुजतात. उपाय सायफनचा: आठवड्याला थोडं पाणी काढताना नळीचं तोंड खडीत खुपसायचं, पण एका वेळी एक-तृतीयांश भागातच. गाळ उचलला जातो, वस्ती राहते. भरायचं पाणी क्लोरीन काढलेलं असावं.

ताईकडची टाकी आम्ही पुन्हा लावली. माझ्या जुन्या टाकीतली ओंजळभर काळपट, बुळबुळीत खडी ओल्या पिशवीत घालून लोकलने नेली आणि नव्या खडीत मिसळली, मातीच्या त्या धुवणासारखी. "शी, ही धुवायची नाही?" भाच्याने विचारलं. वस्तीला अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य घालायचं आणि अमोनियाचं टेस्ट किट वापरायचं, एवढंच त्याचं काम. मासे नाहीत. पहिले काही दिवस किटची काचेची नळी हिरवी व्हायची, म्हणजे अमोनिया होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला: खिडकीसमोर धरलेली नळी, पाणी पिवळं. खाली लिहिलं होतं, "मामा, झीरो. आता गप्पी आणू का?" मी कळवलं, नायट्राइटही शून्यावर आलं की आण, पण तीनच.