आलेखाआधीची नोंद: शाळेतल्या चित्रालेखामागचा इतिहास

पाचवीत चित्रालेख, सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख, दहावीत आयतालेख आणि वृत्तालेख. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या गणित पुस्तकांतली ही चढण पालकांच्याही ओळखीची आहे. बहुतेक उदाहरणांत तक्ता आयता मिळतो. मुलाने प्रमाण ठरवायचे, अक्ष आखायचे, स्तंभ रंगवायचे. माहिती स्वतः गोळा करणे ‘उपक्रमा’त जाते आणि वेळ कमी पडला की आधी तेच गळते. आलेखाचा इतिहास मात्र नोंदीपासून सुरू होतो.

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अभियंत्याने 1786 मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे रेषालेख छापले. स्कॉटलंडची पाळी आली तेव्हा त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. रेषा ओढायला वर्षे हवीत, ती नव्हती, म्हणून त्याने देशागणिक आडव्या पट्ट्या काढल्या. स्तंभालेखाच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक, आणि तो सुचला नोंदी अपुऱ्या होत्या म्हणून. सहावीच्या वर्गात हे सांगायलाच हवे असे मला वाटते. वृत्तालेखही प्लेफेअरचाच, 1801 चा.

शाळेत आलेख यायला पुढे शंभर वर्षे गेली. 1901 मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या ग्लासगोच्या सभेत जॉन पेरी या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने मुलांच्या हाती चौकटींचा कागद द्या, त्यांना मोजू द्या, असा आग्रह धरला. शाळेतल्या आलेख कागदाचे मूळ या आग्रहातून उभ्या राहिलेल्या चळवळीत आहे. त्यातला कागद शाळेत टिकला, मोजणे मागे पडले.

चित्रालेखाची गोष्ट जास्त रंजक आहे. 1925 मध्ये व्हिएन्नात ऑटो नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने सामान्य माणसाला समाजाचे आकडे कळावेत म्हणून संग्रहालय उभे केले. त्याचा नियम साधा होता: संख्या वाढली तर चित्र मोठे करू नका, तेच चित्र जास्त वेळा काढा. चित्राची उंची आणि रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि डोळा फसतो. पाचवीतले ‘एक चित्र = दहा वस्तू’ हे प्रमाण याच नियमावर उभे आहे.

हा नियम पुण्याच्या पाण्यावर लावून पाहावा. वरसगाव धरणाची क्षमता 12.82 टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेतची 10.65, टेमघरची 3.71 आणि खडकवासल्याची 1.97, एकूण 29.15. एक थेंब म्हणजे एक टीएमसी धरून पूर्ण थेंबच काढले तर 13, 11, 4 आणि 2 होतात. बेरीज 30, म्हणजे जवळजवळ एक टीएमसी पाणी कागदावर वाढले! अर्धा थेंब चालवला तर 13, साडेदहा, साडेतीन आणि 2, बेरीज 29. प्रमाण निवडणे हा निर्णय आहे, हे मुलाला इथे स्वतःच्या हाताने कळते.

नोंदीची परंपरा तर या शहरात घरचीच. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. ते 1944 मध्ये दिल्लीला गेले तरी ‘सिमला ऑफिस’ हे नाव चौकाला चिकटून राहिले. 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबांना प्रश्न विचारून तक्ते भरायचे आणि मग शहराबद्दल बोलायचे, अशी ती रीत.

शाळेत ही रीत आणण्याचा मोठा प्रयत्न 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला सुरू झाला. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करायचे, नोंदी स्वतः घ्यायच्या आणि वर्गात एकमेकांच्या नोंदी ताडून पाहायच्या. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिकडे गेले आणि पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात मुलांसोबत काम करू लागले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर माहितीची हाताळणी प्राथमिक गणितात ठळक झाली आणि 2021 च्या निपुण भारत अभियानाने ती पायाभूत संख्याज्ञानात धरली. ताळ्याच्या खुणा, म्हणजे मोजताना ओढायच्या रेघा, त्यामुळे आता खूप लवकर भेटतात.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पाऊसही तेव्हाच येतो. तो मोजायला सरळ बाजूंची बाटली कापून वरचा भाग उलटा बसवावा, तळात खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरावे आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. वाचन रोज सकाळी साडेआठला घ्यावे, कारण हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊसही त्याच वेळेपर्यंत मोजला जातो. खात्याच्या शिवाजीनगर केंद्राच्या आकड्याशी कात्रजच्या शाळेचा आकडा जुळणार नाही. तो का जुळला नाही, यावर वर्गात बोलणे झाले की मगच स्तंभ आखायला घ्यावेत.