दुपारची झोप (मराठवाडा)

दुपारच्या जेवणानंतर घेतलेली झोप. आयुर्वेदात तिला दिवास्वप्न म्हणतात. वामकुक्षी हा तिचाच डाव्या कुशीवरचा सौम्य प्रकार.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २१) ग्रीष्माखेरीज इतर ऋतूंत दिवसा झोपणे कफपित्तकर ठरवले आहे. ग्रीष्मात रात्री लहान व वात वाढलेला, म्हणून मुभा. बालके, वृद्ध, ओझ्याने वा वाटचालीने थकलेले आणि रात्री जागलेले यांना ती सदैव आहे. बसल्या बसल्या काढलेली डुलकी निर्दोष मानली आहे. जेवणानंतर शतपावली करून डाव्या कुशीवर पडण्याचा नियम मात्र सुश्रुतसंहितेतला. चरकाचे संस्करण साधारणतः इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातले समजतात. काही अभ्यासक ते बरेच मागे नेतात. पुढे ही संहिता पूर्ण करणाऱ्या दृढबलाने भर घातलेले अध्याय चिकित्सा, कल्प व सिद्धी या स्थानांतले असल्याने प्रस्तुत भाग त्याच्याआधीचा धरणे सयुक्तिक वाटते.

जेवणामुळेच सुस्ती येते, हा समज जुना. परंतु न जेवताही दुपारी १ ते ४ च्या सुमारास पेंग येते. तेव्हा शरीरातील घड्याळाचे कारण अधिक ग्राह्य, जेवणाने फार तर भर पडते. झोपेचे संशोधक बोर्बेली यांच्या १९८२ च्या मांडणीनुसार जागेपणी साठणारी झोपेची ओढ आणि हे घड्याळ मिळून रात्रीची झोप ठरवतात. दुपारच्या झोपेत ही ओढ खर्ची पडते. १०–२० मिनिटांच्या डुलकीने तरतरी येते व रात्रीची झोप सहसा बिघडत नाही. अर्ध्या तासापुढे गाढ झोप लागली तर उठल्यावर डोके जड राहते. उशिरा दुपारी लांबलेली झोप रात्री डोळा लागू देत नाही.

मराठवाड्यातील खेड्यांत बऱ्याचदा कार्यकारणभाव उलटा असतो: रात्र मोडलेली, म्हणून दुपार. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत नाही, आणि शेतातली कामे उन्हाआधी उरकायची म्हणून पहाटेच उठावे लागते. मग दुपारी लिंबाखाली बाजेवर अंग टाकणे आलेच. रब्बीत शेतीपंपांची थ्री-फेज लाईट रात्रीची असली, तर हरभऱ्याला पाणी द्यायला, दारे धरायला रात्रीच जावे लागते; दुसऱ्या दिवशीची झोप ही त्याची भरपाई. अशांना ‘दुपारी झोपू नका’ हा सरसकट सल्ला गैरलागू. चरकाची जागरणाची सवलत येथे अधिक समर्पक दिसते. रात्र मोकळी असूनही दुपारी दोन-दोन तास ताणून देणाऱ्या व रात्री झोप लागत नाही म्हणणाऱ्या शहरी मंडळींना मात्र तोच सल्ला प्रथम दिला जातो.