कोणता जिमी रॉजर्स?

कंट्री या अमेरिकी लोकप्रिय संगीतातले वाढदिवस आणि चार्टवरचे, म्हणजे गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीतले, विक्रम वाचताना दोन जिमी रॉजर्स हमखास एकमेकांत मिसळतात. नाव एकच, वाढदिवस दोघांचेही सप्टेंबरात: एकाचा ८ तारखेला, दुसऱ्याचा १८ला.

८ तारखेचा रॉजर्स १८९७चा, मिसिसिपीतला. रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कर्मचारी, होता. १९२४मध्ये क्षयाचं निदान झालं, पुढे रेल्वेची नोकरी सुटली आणि गाणं हाच आधार उरला. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टॉलमध्ये ऑगस्ट १९२७ला व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी निर्माता राल्फ पीअरनं त्याची पहिली रेकॉर्डिंग केली. योडलिंग, म्हणजे गाताना आवाज झटक्यात वरच्या पट्टीत नेऊन खाली आणणं, म्हटलं की आपल्याला किशोरकुमार आठवतो. कंट्रीत ते लोकप्रिय केलं या माणसानं, तेही ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायनशैलीच्या अंगानं. 'ब्लू योडल नंबर ९' जरूर ऐका. १९३०च्या त्या रेकॉर्डवर ट्रम्पेट वाजवलाय कृष्णवर्णीय जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगनं. रॉजर्स एक ओळ गातो, ट्रम्पेट तिला उत्तर देतो. वर्णभेद इतका कडक असताना हे दोघे, एक गोरा आणि एक काळा, एकत्र वाजवत होते, हे मला आजही थोर वाटतं. मे १९३३मध्ये न्यूयॉर्कला शेवटची गाणी करताना तो इतका खंगला होता की मधेमधे स्टुडिओतल्या खाटेवर आडवा व्हायचा. २६ मेला तो गेला, अवघ्या ३५व्या वर्षी.

दुसरा त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १८ सप्टेंबर १९३३ला, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅमसमध्ये जन्मला. तो पॉप आणि लोकगीतांचा गायक. १९५७मध्ये त्याचं 'हनीकोम्ब' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि कंट्री चार्टच्या पहिल्या दहातही आलं. गोंधळाचं मूळ बहुतेक इथेच आहे. २०२१मध्ये त्याचं निधन झालं.

पहिल्याच्या हयातीत चार्टवरचा क्रमांक शोधूच नका. बिलबोर्डचा कंट्री चार्टच १९४४चा. तरीही १९५५मध्ये, मृत्यूनंतर २२ वर्षांनी, त्याच्या जुन्या आवाजाला नवी साथसंगत जोडून काढलेलं 'इन द जेलहाऊस नाऊ' पहिल्या दहात गेलं. त्याच वर्षी कंट्री गायक वेब पिअर्सनं गायलेलं तेच गाणं २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमनं १९६१मध्ये पहिल्यांदा नावं जाहीर केली ती तीन: गायक हँक विल्यम्स, गीतकार-प्रकाशक फ्रेड रोझ आणि हा रेल्वेवाला रॉजर्स.