जपानी भाताचं बियाणं पेरण्याआधी

शेतकरी बंधू-भगिनींनो,

जून जवळ आला की दुकानात एक विचारणा हमखास होते, "हाऊ जपानी भात आपलाकडे व्हई का?" काहीजण मोबाईलवरून मागवलेली पाकिटंही दाखवून जातात. पेरणीआधी एवढं वाचा.

थंड मुलखातला हा आखूड, गोल दाण्याचा, चिकट शिजणारा भात जपोनिका गटातला. आपल्याकडचे बहुतेक भात इंडिका गटातले. दिवस लहान होऊ लागला की भात निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर काढायच्या, तयारीला लागतो. टोकियोत जूनमध्ये दिवस साडेचौदा तासांचा असतो, आपल्याकडे साडेतेराच्याही आत. त्यात ऊबही जास्त. त्यामुळे तिकडच्या बऱ्याच वाणांचं रोप इथे वाढायच्या आधीच पोटरीत येतं, म्हणजे पोटात लोंबी धरतं.

गेल्या खरिपात आम्ही गोठ्यामागे दोन वाफे लावून पाहिले. शेजारची इंद्रायणी ही आपल्याकडची भाताची जात अजून फुटवे धरत होती, तेवढ्यात हा गुडघ्याएवढाही न होता निसवला. चुडाला तीन-चार फुटवे, लोंबी बोटभर. तळहातावर चोळली तर निम्मं पळंज, म्हणजे पोकळ दाणे.

बियाण्यात खोट नव्हती, हवामान त्याचं नव्हतं. इंडिकाशी संकर करावा तर पहिल्याच पिढीत बरेच दाणे पोचट राहतात, म्हणून पुढच्या पिढ्यांतून निवडत जावं लागतं. 1950 नंतर कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत असे संकर मोठ्या प्रमाणावर झाले. त्याच प्रयत्नांतून मलेशियात 1965 मध्ये मसुरी वाण आला. त्याचा एक पालक तैचुंग 65, तैवानच्या उष्ण हवेत बसवलेला जपोनिका. पुढे मसुरीपासून स्वर्णा आणि सांबा मसुरी झाले. म्हणजे सांबा मसुरीचा भात रांधणाऱ्या घरात जपानी वंश केव्हाच पोचलाय! आम्हाला याचं फार अप्रूप वाटतं.

मऊ, चिकट भातच हवा असेल तर साक्री-नवापूरच्या पावसाच्या पट्ट्यात इंद्रायणी लावा. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्राने ती काढली. वासही येतो, दाणाही भरतो.

पाकीट आधीच घेतलं असेल तर एकच वाफा लावा. रोप जुनं होऊ देऊ नका, विसाव्या दिवसाच्या आत लावणी उरका. निसवल्याची तारीख लिहून ठेवा आणि एक लोंबी दुकानात आणून दाखवा.