सोंड दिसली म्हणून गोगलगाय फेकू नका
नागपुरातल्या रीफ टँकवाल्यांत (घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांत) एक समज पक्का बसलाय: लाइव्ह रॉकसोबत (टाकीत ठेवायच्या, जीव वसलेल्या समुद्री दगडासोबत) आलेल्या गोगलगायीला सोंड, म्हणजे पाणी ओढून वास घेणारी नळी, दिसली की ती शिकारीच. हे अर्धंच खरं आहे. शिंपले आणि दुसऱ्या गोगलगायी खाणाऱ्या व्हेल्कला सोंड असते, शंखाच्या तोंडाशी ती बाहेर काढायला खाचही असते. पण नॅसॅरियस गोगलगायीलाही सोंड असते, आणि ती मेलेलं-उरलेलं खाऊन टाकी साफ ठेवते. खाणं टाकताच वाळूतून आधी नुसती सोंड वर येते, मग अख्खा जीव. आपल्याकडे समुद्राचा प्रत्येक जीव बाहेरून मागवावा लागतो. नॅसॅरियसला फुकट मारणं मला तरी पटत नाही.

उलटी चूक, म्हणजे सोंड नाही म्हणून गोगलगाय निरुपद्रवी समजणं, जास्त महाग पडते. चपट्या, चौकटीदार, देखण्या सनडायल गोगलगायीच्या शंखाला अशी खाच नसते, पण ती झोअँथिड (प्रवाळांसारखे झुपक्याने वाढणारे जीव) खाते. पिरॅमिडेलिड गोगलगायी तर तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढऱ्या. रात्री टर्बो गोगलगायीच्या शंखाच्या कडेला चिकटून रस शोषतात. टॉर्च घेऊन रात्रीच बघा.

संशयित गोगलगाय टाकीच्याच पाण्यात वेगळी ठेवा, काय खाते ते बघा. शंकूच्या आकाराचा शंख मात्र हाताने उचलू नका, चिमटा वापरा. काही कोन स्नेलचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो.