सौर चार्ज कंट्रोलरची चाचणी

सौर पॅनेलकडून बॅटरीत जाणाऱ्या विजेला आवर घालणारे उपकरण म्हणजे चार्ज कंट्रोलर. तो आपले काम नीट करतो का, हे मीटर लावून पाहणे म्हणजे त्याची चाचणी. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरीकडच्या शिवारात कुंपणाची झटका मशीन आणि मळ्यातल्या वस्तीवरचे दिवे अशा १२ व्होल्टच्या जोडणीवर चालतात. बॅटरी लवकर बसली की लोक बॅटरी बदलतात आणि कंट्रोलर तोच राहतो. मग नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते. म्हणून तपासणीची सुरुवात कंट्रोलरपासून करावी.

३६ सेलचे पॅनेल भर उन्हात, काहीही न जोडता, २१-२२ व्होल्ट दाखवते. ते थेट बॅटरीला लावले तर बॅटरी भरल्यावरही वीज शिरत राहते आणि पाणी आटते. ‘बॅटरी उकळते’ म्हणतात ते हेच. कंट्रोलर साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टवर रोखतो, भरली की १३.६ च्या आसपास फ्लोटवर, म्हणजे भरलेली टिकवण्यापुरत्या कमी व्होल्टवर, धरतो, आणि ती ११ च्या जवळ उतरली की लोड, म्हणजे जोडलेले दिवे किंवा मशीन, तोडतो. चाचणीत हे तीन आकडे पकडायचे असतात.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा हा पुरावा नव्हे. मीटरच्या काड्या आधी कंट्रोलरच्या टर्मिनलवर आणि लगेच बॅटरीच्या खांबांवर टेकवाव्यात. दोन्हींत फरक आला तर दोष वायरचा किंवा खांबावर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत १० मीटर ओढली, तर ५ अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातो. कंट्रोलरला १४.४ दिसतात, बॅटरीला १३.७ मिळतात. तो समजतो बॅटरी भरत आली आणि करंट कमी करतो; बॅटरी पुरती भरण्याआधी ऊन उतरते. माझ्या मते घरगुती जोडण्यांत सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होते.

करंट डीसी क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या मीटरने, पाहावा. पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये, म्हणजे पॅनेल झपाट्याने जोडत-तोडत वीज आवरणाऱ्या साध्या प्रकारात, पॅनेलकडून आलेला आणि बॅटरीत गेलेला करंट जवळपास सारखा असतो. एमपीपीटीमध्ये, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या प्रकारात, बॅटरीकडचा जास्त भरतो, कारण जादा व्होल्टचे रूपांतर करंटमध्ये होते. तिथे दोन्हीकडचे वॉट ताडावेत. रात्री पॅनेलच्या वायरमधून करंट उलटा वाहतो का, हेही पाहावे. त्यासाठी साधा मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून त्या वायरच्या मधे जोडावा लागतो, क्लॅम्पला इतका बारीक करंट कळत नाही.

लोड कधी तुटतो हे टेबलावर पाहता येते. पॅनेल सोडवून, बॅटरीच्या जागी व्होल्ट कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय लावावा, लोडला १२ व्होल्टचा बल्ब जोडावा आणि १२.५ पासून सावकाश खाली यावे. बल्ब विझेल तो आकडा टिपावा, मग पुन्हा वर नेऊन तो कुठे पेटतो तेही. पॅनेल जोडलेले असताना मात्र हे करू नये. असा सप्लाय उलट येणारा करंट पोटात घेत नाही.

नाशिकच्या हवेत एक गोष्ट वेगळी तपासावी लागते. निफाडला थंडीत पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो, एप्रिल-मेमध्ये ४० च्या आसपास पोचतो. चांगला कंट्रोलर २५ अंश धरून दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट दुरुस्ती करतो. म्हणजे ५ अंशांना १४.४ चे जवळपास १४.९ व्हायला हवेत, ४० ला १४.०. सेन्सरची वायर बॅटरीला चिकटवलेली नसून डब्यात लोंबकळत असेल, तर तापलेल्या पत्र्याचे तापमान मोजले जाते आणि बॅटरी उपाशी राहते. सेन्सर मुठीत धरून, भरलेल्या बॅटरीवर व्होल्टचा आकडा हलतो का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर तापमानानुसार व्होल्ट बदलण्याची ही दुरुस्ती बंद ठेवतात.