सोन्याचे सोबती

चतुर्थीला सावंतवाडीकडच्या आमच्या गावी गेले की पहिला प्रश्न ठरलेला: "काय गो, सोना गावला?" पीएचडीचा विषय सोन्याचे खनिजसाठे आहे, हे एकदा सांगून बसले ती बसलेच. यंदा शेजारचे काका रुमालात बांधून दगडच घेऊन आले. विहिरीच्या खोदाईत निघालेला. पांढऱ्या गारेत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, पिवळेधमक चौकोनी दाणे. "ह्या वायच बघ. माका खरा सांग."

सोनार कसोटीवर कस लावून बघतो, मी फुटक्या टाइलची मागची खरखरीत बाजू घेतली. दाणा घासला तर रेघ उमटली काळी-हिरवट. सोन्याची रेघ सोन्यासारखीच पिवळी उमटते. मग सुई दाबून पाहिली, दाण्याचा चुरा झाला. सोनं असतं तर सुई रुतली असती, तुकडा पडला नसता. म्हणजे हे पायराइट, लोखंड आणि गंधक यांचं खनिज. काकांचा चेहरा उतरला. मी मात्र दगड खाली ठेवला नाही.

कारण सोनं शोधणारा माणूस सोनं शोधत नसतो. ते इतकं विरळ असतं की डोळ्यांना दिसणं हा अपघातच. पृथ्वीच्या कवचातल्या साध्या खडकात टनामागे फार तर चार मिलिग्रॅम सोनं मिळेल. दहा ग्रॅमच्या मंगळसूत्रासाठी अडीच हजार टन खडक, म्हणजे दहा टनांचे अडीचशे ट्रक. खाण परवडायची तर टनामागे साधारण ग्रॅमभर तरी हवं. हे शेकडो, हजारपट गोळा करण्याचं काम कोणी केलं, हाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न.

उत्तर आहे गरम पाणी. माझी साइट घाटापलीकडे, कर्नाटकात गदगच्या बाजूला. तिथले खडक धारवाड काळातले, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. असे खडक जमिनीखाली दहा-पंधरा किलोमीटर दबले की त्यांच्या खनिजांत अडकलेलं पाणी सुटतं. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, गंधकही. सोनं एरवी सहजासहजी कशात विरघळत नाही, पण या गंधकाचा हात धरून ते पाण्यात शिरतं आणि भेगांतून वर येतं. वाटेत लोखंडाचे खडक भेटले की गंधक सोन्याला सोडून लोखंडाशी संसार थाटतो. त्यातून पायराइट तयार होतं आणि एकटं पडलेलं सोनं तिथेच खाली बसतं. दुसरीही एक वाट आहे. भूकंपात भेग अचानक रुंदावते, दाब झपकन उतरतो आणि पाण्यातलं सगळं गारेसकट भेगेत साचतं. कुकरची शिट्टी झाल्यासारखंच. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की हे पाणी क्षणार्धात वाफ होऊ शकतं.

हे पाणी आजही पाहता येतं, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. गारेची पारदर्शक होईल इतकी पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आत थेंब दिसतात, केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान. थेंबात एक बुडबुडा, आणि तो चक्क थरथरतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जेवायला जायची विसरले. चकती हळूहळू तापवत न्यायची. बुडबुडा ज्या तापमानाला नाहीसा होतो, त्याहून थंड ते पाणी नव्हतं, एवढं नक्की कळतं. अशा शिरांमध्ये, म्हणजे गारेने भरलेल्या भेगांत, हा आकडा साधारण 250 ते 350 अंशांच्या घरात येतो.

मग कोकणात काय? रायगड-रत्नागिरीत जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी काळा बसाल्ट आहे, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो पृष्ठभागावर ओतला गेला आणि थंड झाला. खोल दबणं नाही, पाणी पिळून निघणं नाही. दक्षिण सिंधुदुर्गात मात्र हा बसाल्ट संपतो आणि खालून धारवाडचे भाऊबंद डोकं काढतात. रेडीचं लोहखनिज त्याच कुळातलं. कुळ तेच म्हणून घरात सोनं असतंच असं नाही. या जुन्या खडकांत जिथे भेग, गंधक आणि लोखंड एकत्र आले तिथेच ते बसतं. कोलारला बसलं होतं. तिथे माणसं तीन किलोमीटरहून खोल गेली आणि 2001 मध्ये खाण बंद झाली. रायचूर जिल्ह्यात हट्टीला अजून उपसा चालू आहे.

इथे अडचण जांभ्याची. पाऊस वर्षानुवर्षं सिलिका धुऊन नेतो, लोखंड-ॲल्युमिनियम उरतं आणि मूळ खडकाची ओळख पुसली जाते. म्हणून वरच्या मातीत सोन्याऐवजी त्याचे सोबती, म्हणजे सोन्याबरोबर येणारी मूलद्रव्यं, शोधतात, विशेषतः आर्सेनिक. ओढ्यातली वाळू थाळीत घोळून जड कण वेगळे करतात. सोनारपेठेत झारेकरी दुकानाची झाडलेली धूळ घोळतात ना, तसंच. सोन्याचं वजन पाण्याच्या एकोणीस पट, गारेचं अडीच पटींहून थोडंसंच जास्त, त्यामुळे थाळीत ते आपोआप तळाशी राहतं.

काकांच्या दगडात गार, पायराइट आणि जुना खडक, तिन्ही होते. पायराइटच्या दाण्यात सोनं दडलं असलं तर ते साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. नमुना दळून, शिशासोबत भट्टीत वितळवून मोजावं लागतं. "एक कोपरो फोडून नेतंय," म्हटलं.

काकांनी क्षणभर विचार केला, मग रुमाल पुढे केला. "ने. पण उरलेलो माका परत दी हां. बाप्पाच्या म्होरे ठेवचो आसा."